या नळाचे पाणी कोणी तपासले?

सुट्ट्यांचे दिवस जवळ आले की प्रवासातल्या पिण्याच्या पाण्याचा वाद हमखास डोके वर काढतो. एक पक्ष म्हणतो की मुलेबाळे बरोबर असताना सीलबंद बाटलीखेरीज दुसरे पाणी तोंडाला लावणे हा निव्वळ हलगर्जीपणा आहे. दुसरा पक्ष म्हणतो की बाटल्यांच्या या सोसाने नुसते प्लास्टिकचे ढीग वाढतात, घरून पाणी भरून नेणे काही अवघड नाही, आणि चार ठिकाणचे पाणी प्यायल्याशिवाय मुलांची प्रतिकारशक्ती तरी कशी वाढणार? हा वाद वर्षानुवर्षे त्याच जागी घुटमळत राहतो, कारण वरवर परस्परविरोधी दिसणारे हे दोन्ही पक्ष मुळात एकच गोष्ट गृहीत धरतात: प्रवासातले पाणी ही ज्याच्या-त्याच्या कुटुंबाची खासगी बाब आहे, आईवडील दक्ष असतील तर मूल सुखरूप राहील, आणि नसतील तर जे होईल त्याला तेच जबाबदार. मला हे गृहीतकच मान्य नाही. बाटली की नळ हा प्रश्न दुय्यम आहे. समोरच्या पाण्याची हमी कोण देतो, ते शेवटचे कधी तपासले गेले, आणि ही माहिती तहानलेल्या माणसाला तिथल्या तिथे मिळते का, हा खरा प्रश्न आहे. ती हमी देणे हे प्रवाशाला थांबवून घेणाऱ्या प्रत्येक सार्वजनिक जागेचे, म्हणजे स्थानकाचे, बंदराचे, विमानतळाचे आणि महामार्गावरच्या थांब्याचे कर्तव्य आहे, असे माझे मत आहे.

काही वर्षांपूर्वी एका रात्रीच्या प्रवासात आमची गाडी बिघडली आणि आम्ही एका थांब्यावर तीन तास अडकलो. बरोबर सात महिन्यांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेले वडील होते. थर्मासमधले पाणी मुलीच्या दुधासाठी वापरून संपले होते आणि दुकान केव्हाच बंद झाले होते. भिंतीला एक नळ होता. तोटीतून बारीक धार गळत होती, खालच्या सिमेंटवर शेवाळ धरले होते, आणि त्याच भिंतीवर धूम्रपानाचा दंड, सामानाची जबाबदारी, स्वच्छतागृहाची दिशा असे सहा फलक ओळीने लावलेले होते. पाण्याबद्दल मात्र एक अक्षरही नव्हते. मुलगा नळाशी जाऊन उभा राहिला आणि त्याने विचारले, "बाबा, हे पिऊ का?" मी रखवालदाराकडे पाहिले. "सगळेच पितात की," तो म्हणाला. तुम्ही पिता का, असे विचारल्यावर त्याने टेबलाखाली ठेवलेली, घरून भरून आणलेली बाटली दाखवली. त्या माणसाचा यात काहीच दोष नव्हता. त्या पाण्याबद्दल त्यालाही कोणी कधी काही सांगितलेले नव्हते.

‘सगळेच पितात’ हा पुरावा आपण सहज स्वीकारतो, आणि एका ठिकाणी कायम राहणाऱ्या माणसापुरता तो काही अंशी खराही असतो. नळाला गढूळ पाणी आले आणि शेजारच्या चार घरांत जुलाब सुरू झाले, तर दोन-तीन दिवसांत गावभर बोभाटा होतो, लोक तक्रार घेऊन जातात, आणि उशिरा का होईना, कोणीतरी जलवाहिनी खणून पाहतो. प्रवाशाच्या बाबतीत ही साखळीच तुटलेली असते. दूषित पाणी पोटात गेल्यावर कॉलऱ्याची लक्षणे काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत केव्हाही दिसू शकतात. जिआर्डिया या परोपजीवीचा त्रास साधारण एक-दोन आठवड्यांनी सुरू होतो, विषमज्वराला बहुधा एक ते तीन आठवडे लागतात, आणि ‘हिपॅटायटिस ए’ची कावीळ तर पंधरा ते पन्नास दिवसांनी, सरासरी अठ्ठावीस दिवसांनी उघडकीस येते. तोवर ते कुटुंब शेकडो मैल दूर, आपल्या घरी पोहोचलेले असते. मूल तापाने फणफणते तेव्हा कोणत्या थांब्यावरचा कोणता नळ त्याला कारण झाला, हे आईला आठवेल का? आठवले तरी ती तक्रार करणार कोणाकडे? ज्या जागेने आजार दिला त्या जागेला त्याची खबरही लागत नाही, आणि म्हणून ‘इथले पाणी पिऊन आजवर कोणाला काही झालेले नाही’ असे तिथला माणूस अगदी प्रामाणिकपणे सांगू शकतो. चांगल्या मालाला गिऱ्हाईक मिळते आणि वाईट माल आपोआप मागे पडतो हा बाजाराचा नियम इथे चालत नाही. मतपेटीचाही चालत नाही, कारण वाटेवरच्या गावात प्रवाशाचे मत नसते. बाजार आणि मतपेटी या दोन्ही वाटा जिथे बंद होतात, तिथे नियम करून जबाबदारी ठरवण्याखेरीज कोणता उपाय उरतो?

१८९२ सालच्या हॅम्बुर्गचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. त्या वर्षी तिथे कॉलऱ्याची साथ आली आणि काही आठवड्यांत ८,६००च्या आसपास माणसे दगावली. त्या काळी हॅम्बुर्ग हे अमेरिकेकडे जाणाऱ्या स्थलांतरितांचे मोठे बंदर होते. पूर्व युरोपातून आलेली हजारो कुटुंबे, लेकरांसह, जहाजाची वाट पाहत तिथल्या निवाऱ्यांत राहत होती, आणि साथ पसरताच बोट त्यांच्याकडेच दाखवले गेले. शहर मात्र एल्बे नदीचे पाणी न गाळताच घरोघर पुरवत होते. लागूनच असलेल्या आल्टोना शहरात त्याच नदीचे, उलट हॅम्बुर्गच्या सांडपाण्याने अधिक घाण झालेले पाणी वाळूच्या थरांतून गाळून दिले जात होते, आणि तिथे साथीने फारसा जोर धरला नाही. दोन शहरांची हद्द जिथे एकाच रस्त्यावरून जात होती, तिथे एका बाजूच्या घरांत माणसे मरत होती आणि समोरच्या बाजूची घरे बव्हंशी सुखरूप होती. रस्त्याच्या या दोन बाजूंच्या आयांमध्ये दक्षतेचा असा कोणता फरक होता? फरक होता तो फक्त वाळूच्या थराचा, आणि तो घालायचा की नाही हे कोणत्याही आईच्या हाती नव्हते. प्रवाशांना दोष देणे सोपे होते आणि गाळण यंत्रणा उभारणे खर्चाचे. म्हणून वर्षानुवर्षे ते काम लांबणीवर पडत गेले होते.

आता बाटलीच्या बाजूने जे सर्वांत वजनदार म्हणणे आहे ते मी आधी मान्य करतो. पूर आलेला असेल, भूकंपाने जलवाहिन्या फुटल्या असतील, किंवा पाण्याचा भरवसा देणारे कोणीच नसेल, तर अखंड सीलची बाटली घेणे हाच शहाणपणा आहे, आणि अशा वेळी प्लास्टिकवरून आईबापांना बोल लावणे अन्यायाचे आहे. बाटलीतल्या पाण्यात प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण असतात हे खरे; २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लिटरमागे सरासरी २,४०,००० कण मोजले गेले. पण त्या कणांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो हे अजून ठरायचे आहे, तर दूषित पाण्याने होणारा अतिसार काय करतो हे आपल्याला पक्के ठाऊक आहे; त्यामुळे तहानलेल्या मुलाच्या हातची बाटली काढून घेण्याइतका हा मुद्दा मला मोठा वाटत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. बाटली हा अडचणीतला उपाय आहे आणि आपण त्याचीच व्यवस्था करून टाकली आहे. एकदा दुकानात बाटली मिळू लागली की भिंतीवरच्या नळाची चिंता करण्याचे कारण कोणालाच उरत नाही. तो आधी दुर्लक्षित होतो, मग बिघडतो, आणि शेवटी काढून टाकला जातो. ज्याला परवडते तो विकत घेतो. ज्या कुटुंबाला पाच माणसांसाठी दिवसभरात दहा-बारा लिटर पाणी विकत घेणे झेपत नाही, ते पुन्हा ‘सगळेच पितात’पाशी येऊन थांबते. शिवाय बाटली सगळे प्रश्न सोडवत नाहीच. तान्ह्या बाळाची दूध पावडर स्वतः निर्जंतुक नसते. म्हणून ती किमान ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात मिसळावी आणि मग दूध निववून पाजावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. थंडगार सीलबंद बाटली हातात असलेल्या आईला त्या वेळी हवे असते ते उकळते पाणी, आणि ते विकत मिळत नाही.

मग कुटुंबाने स्वतःच पाणी शुद्ध करून घ्यावे, असा सल्ला दिला जातो. हा सल्ला चुकीचा नाही. मी स्वतः तो पाळतो. पण तो नीट पाळायचा तर काय काय माहीत असावे लागते ते पाहा. पाणी खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळू द्यावे, आणि दोन हजार मीटरपेक्षा उंच ठिकाणी तीन मिनिटे, कारण उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते. क्लोरीनच्या गोळीने जिवाणू आणि बहुतेक विषाणू मरतात, पण गोळी टाकल्यावर साधारण अर्धा तास थांबावे लागते, आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परोपजीवी तिला दाद देत नाही. हातातल्या गाळणीची छिद्रे ०.२ मायक्रॉनची असतील तर जिवाणू आणि परोपजीवी अडतात, पण त्याहून कितीतरी बारीक असलेले विषाणू आरपार जातात. अतिनील किरणांचा दिवा स्वच्छ पाण्यात काम करतो. गढूळ पाण्यात कणांच्या आड जंतू लपून राहतात, म्हणून पाणी आधी निवळून, फडक्यातून गाळून घ्यावे लागते. शिसे, आर्सेनिक, नायट्रेट उकळून जात नाहीत. उलट पाणी आटते आणि त्यांचे प्रमाण वाढते. मुक्कामाच्या खोलीतल्या गरम पाण्याच्या नळाला उकळलेले पाणी समजू नये. दात घासताना, औषधाची गोळी घेताना, बर्फ घेताना, मुलाची बाटली विसळताना यातले काहीही विसरून चालत नाही. जुलाब सुरू झालेच, तर जलसंजीवनीचे पाकीटसुद्धा स्वच्छ पाण्यातच विरघळवावे लागते. हे सारे बरोबर आहे, आणि नेमके म्हणूनच मी विचारतो: रात्री दोन वाजता, एका कडेवर बाळ आणि दुसऱ्या हातात सामान असलेल्या माणसाने हे सारे ध्यानात ठेवून, समोरच्या पाण्यात यातला कोणता शत्रू आहे हे नुसत्या नजरेने ओळखायचे? एका जागी, एका प्रशिक्षित माणसाने रोज करायचे काम हजारो थकल्याभागल्या कुटुंबांवर वाटून टाकण्यात कोणता शहाणपणा आहे? सहा महिन्यांच्या आतल्या, फक्त आईच्या दुधावर असलेल्या बाळाला वरच्या पाण्याची गरज नसते, अगदी कडक उन्हाळ्यातही नसते. प्रवासातल्या एवढ्या एकाच प्रवाशाची सोय निसर्गाने केलेली आहे. बाकी सगळे नळावर अवलंबून आहेत, आणि त्या बाळाची आईसुद्धा.

प्रतिकारशक्तीच्या युक्तिवादातही सत्याचा अंश आहे. ज्या भागात अतिसार नेहमीचा आहे तिथे वाढलेल्या माणसाचे शरीर काही जंतूंना थोडेफार सरावते, आणि नवख्या प्रवाशाला बाधते ते पाणी स्थानिकाला तितके बाधत नाही, हे वैद्यकालाही मान्य आहे. पण हा सराव होतो कसा? बालपणी वारंवार आजारी पडून, आणि त्यातून वाचून. जे वाचले तेच पुढे ‘आम्हाला कुठे काय झाले?’ असे म्हणायला उरतात. जगात आजही दर वर्षी पाच वर्षांखालची चार लाखांहून अधिक मुले अतिसाराने मरतात. इतक्या किमतीला मिळणाऱ्या प्रतिकारशक्तीची शिफारस कोणी करू नये. विषमज्वर आणि कॉलऱ्याविरुद्ध लस उपलब्ध असताना तर मुळीच करू नये.

माझ्या मतावरचा सर्वांत कठीण आक्षेप याहून वेगळा आहे, आणि तो मला अस्वस्थ करतो. सार्वजनिक पाणी बिघडते, आणि कागदावर ते ठीक असल्याचे दाखवले जाते. कॅनडातल्या वॉकरटन या छोट्या गावात मे २००० मध्ये मुसळधार पावसानंतर गुरांच्या शेणातले घातक ई. कोलाय जिवाणू विहिरीत उतरले. सात माणसे मेली आणि सुमारे २,३०० आजारी पडली. पुढे चौकशीत उघड झाले की पाण्यातल्या क्लोरीनच्या नोंदी कर्मचारी वर्षानुवर्षे मनानेच भरत होते. मग नळावर तपासणीची तारीख लिहून काय साधणार, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की खोटी नोंद पकडता येते. तिच्याखाली कोणाची तरी सही असते, ती चौकशीत समोर ठेवता येते, आणि वॉकरटनच्या त्याच चौकशीनंतर त्या प्रांताने २००२ साली पिण्याच्या पाण्याचा नवा कायदा केला. कोऱ्या भिंतीला मात्र कोणीही जाब विचारू शकत नाही. आणि सार्वजनिक सोय बिघडली म्हणून ती बंदच करायची, हा निष्कर्ष इतिहासातूनही निघत नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याचे आरोग्य अधिकारी सॅम्युएल क्रम्बाइन यांनी रेल्वेत क्षयाचे रुग्ण आणि इतर प्रवासी एकाच भांड्याने पाणी पिताना पाहिले. १९०९ साली त्या राज्याने गाड्यांमधून आणि शाळांमधून ते सामाईक भांडे हद्दपार केले. बंदी आली ती भांड्यावर, पाण्यावर नव्हे, आणि पुढे घरोघरी पोहोचलेल्या कागदी पेल्याचा प्रसार याच सुमारास झाला. पॅरिसमध्ये वेढ्याच्या आणि यादवीच्या तडाख्यानंतर, १८७२ साली, रिचर्ड वॉलेस यांनी रस्तोरस्ती फुकट पाण्याची कारंजी बसवली. त्यांना साखळीने बांधलेले पेले १९५२ साली आरोग्याच्या कारणाने काढून टाकण्यात आले. कारंजी अजून आहेत.

खर्च कोण करणार, हा शेवटचा प्रश्न. त्याचे उत्तर फार जुने आहे. सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आपल्या दुसऱ्या शिलालेखात, रस्त्यांच्या कडेने माणसांसाठी आणि जनावरांसाठी विहिरी खोदवल्याचे नोंदवले आहे. म्हणजे रस्ता ज्याचा, त्याच्याकडेच वाटेवरचे पाणी, हे त्याने दगडावर लिहून ठेवले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०१० रोजी सुरक्षित पिण्याचे पाणी हा मानवी हक्क मानला तेव्हा १२२ देशांनी बाजूने मत दिले, ४१ तटस्थ राहिले, आणि विरोधात एकही नव्हता. हा हक्क माणूस आपल्या गावाची वेस ओलांडताच संपतो असे त्या ठरावात कुठे म्हटलेले नाही. विमानतळाची गोष्ट तर याहून स्पष्ट आहे. २००६ सालच्या द्रवस्फोटकांच्या कटानंतर अनेक विमानतळांवर १०० मिलिलिटरपेक्षा अधिक द्रव तपासणीपलीकडे नेऊ देत नाहीत. सुरक्षेसाठी ते आवश्यक असेल, माझी तक्रार त्या नियमाबद्दल नाही. पण जी व्यवस्था माझ्या मुलाच्या हातची भरलेली बाटली कायद्याने रिकामी करायला लावते, तिने दहा पावलांवर ती पुन्हा भरून देणे, हा उपकार म्हणायचा का?

मोठ्या जागांनी नळ बसवावेत, नीट राखावेत आणि रात्रीही उकळते पाणी मिळेल अशी सोय ठेवावी. लहान थांब्याला एवढे जमत नसेल, तर त्याच्याकडून निदान दोन शब्दांची अपेक्षा आहे: ‘पिण्याचे पाणी’ किंवा ‘पिण्याचे नाही’. दुसरी पाटी लावायला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. ती पाटी वाचून आई पुढच्या थांब्यापर्यंत धीर धरेल, गोळी टाकेल, उकळून घेईल. काय करायचे ते ठरवण्यासाठी तिच्या हाती काहीतरी आधार असेल. जिथे पाणी पिण्याचे आहे तिथे तारीख हवी, तपासणाऱ्याचे नाव हवे आणि क्लोरीनचा आकडा हवा. हे काही मोठ्या प्रयोगशाळेचे काम नाही. काचेच्या नळीत पाणी घ्यायचे, त्यात एक गोळी विरघळवायची, आणि येणारा गुलाबी रंग तक्त्याशी ताडून पाहायचा; दोन-तीन मिनिटांत क्लोरीन किती उरले आहे ते कळते. नळापाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असावे, एवढे ज्याला शिकवले तो कोणीही हे करू शकतो. जंतूंची सविस्तर तपासणी ठरावीक काळाने प्रयोगशाळेत करून घ्यावीच लागेल, पण रोजचे काम त्यावाचून अडत नाही.

त्या रात्री आम्ही नळाचे पाणी वापरले नाही. शेजारच्या आसनावरच्या एका कुटुंबाने त्यांच्या थर्मासमधले गरम पाणी मुलीपुरते दिले, आणि बाकीच्यांनी पहाटेपर्यंत कळ काढली. तेव्हापासून मी प्रत्येक थांब्यावर विचारतो की हे पाणी शेवटचे कधी तपासले. बहुतेक ठिकाणी लोक खांदे उडवतात, काही जण चिडतात. गेल्या वर्षी मात्र एका लहानशा थांब्यावरच्या बाईंनी काहीही न बोलता खण उघडला आणि रेघा आखलेली एक वही माझ्यासमोर ठेवली. शेवटची नोंद त्याच दिवशी सकाळी सातची होती, आकडा ०.४, पुढे त्यांची सही. आदल्या आठवड्यात एका दिवशी ०.१ आले होते. त्या ओळीपुढे ‘नळ बंद ठेवला, टाकी धुतली’ असे लिहिलेले होते. वडील पेला घेऊन पुढे झाले, मुलाने आपली बाटली काठोकाठ भरली, आणि मी त्या ०.१च्या ओळीवर बोट ठेवून उभा राहिलो.